चोचीला ओठ नसतात

आमच्या घरात पाखरांची भाषा जन्माला आली ती मागच्या पडवीत, मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत असताना. मुलगी समोर पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि बराच वेळ 'कर्र, टिर्र, क्या, ट्या' असले आवाज काढत होती. मला वाटलं हिच्या घशात काहीतरी अडकलं. पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणते, "नको आई, मी विचार करतेय."

"विचार करताना माणसाचं तोंड बंद असतं," मी म्हटलं.

"माणसाचं. मी पाखराचा विचार करतेय."

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगी हातची गेली. बंगळूरच्या एका कंपनीने तिला कामाला घेतलं होतं, पण कच्चं. ही कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. त्यांच्या नव्या खेळात एक भलं मोठं जंगल आहे, आणि तिथल्या कड्यांवर माणसाएवढी पाखरं राहतात. ती दोन पायांवर चालतात, भांडतात, लग्नं करतात आणि आपापसांत त्यांच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. ती भाषा बनवायचं काम माझ्या लेकीकडे. शब्द, व्याकरण, शिव्या, अंगाई, सगळं नवंकोरं. हे सगळं रत्नागिरीजवळ भाट्याच्या आमच्या घरात बसून करायचं. भाषा पसंत पडली की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की बंगळूरला जाऊन राहायचं, कारण पक्क्या माणसांनी ऑफिसात बसायचं अशी त्यांची रीत. नाही पसंत पडली तर रत्नागिरी आहे, आई आहे, कैऱ्या आहेत.

हे तिने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. खरं सांगते, मला ती पास व्हायला हवी होती आणि तिने जायला नको होतं. दोन्ही एकदम. देवळात हात जोडून उभी राहिले की काय मागावं तेच सुचेना. शेवटी 'तूच काय ते बघ बाबा' म्हणायचं, घंटा वाजवायची आणि घरी यायचं.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे लेकीचं म्हणणं असं की व्याकरणाला मी हवी. "आणि शिव्यांनाही तूच," असंही ती म्हणाली, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

"पहिला नियम," ती म्हणाली, "चोचीला ओठ नसतात. त्यामुळे ओठ मिटून काढायचे आवाज ह्या पाखरांना येत नाहीत. प, फ, ब, भ, म, सगळे बाद."

मी सुरी खाली ठेवली. "अख्खा पवर्ग बाद?"

"अख्खा."

"अगो, मग ही खाणार काय? भात नाही, भाकरी नाही, आंबा नाही, फणस नाही, कोकम नाही. पाणीसुद्धा नाही! उपाशीच मारतेस की मुक्या जिवांना."

"मुकी कुठे, बोलकीच करतेय त्यांना."

तेवढ्यात हे आले, हातात मासळीची पिशवी घेऊन. हे म्हणजे माझे यजमान. सगळी नोकरी मालवाहू जहाजावर काढली, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. आता कायमचे घरी आहेत आणि रोज सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन, कुणी विचारलेलं नसताना, लिलावात भावाबद्दल मत देऊन येतात. त्यांना मी पवर्गाची बातमी दिली. पिशवी हातात तशीच धरून ते विचार करायला लागले.

"म्हणजे बांगडा गेला," ते म्हणाले. "पापलेट गेलं. बोंबील, मांदेली, कोळंबी... सुरमईसुद्धा?"

"सुरमईत म आहे," मी म्हटलं.

"मग राहिलं काय?"

"तारली," मुलगी म्हणाली. "आणि करली."

"करली!" हे एवढ्या जोरात ओरडले की मागचं मांजर उठून गेलं. "त्यात नुसते काटे गो! एवढी उंच उडणारी पाखरं, आणि त्यांच्या वाट्याला काटे?"

पण ह्यांना खरा धक्का पुढेच होता. नात्यांचे शब्द करायची वेळ आली. 'आई' म्हणायला ओठ लागत नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तुम्हीही म्हणून बघा. आ आणि ई, तोंड उघडं ठेवून. म्हणजे हा शब्द माणसांना आणि पाखरांना सारखाच, आणि मी ते दिवसभर घरात सांगत फिरले. 'बाबा' मात्र अडला. त्याला एकदा सोडून दोनदा ओठ मिटावे लागतात. मुलीने बराच वेळ जीभ इकडून तिकडे फिरवून बघितली आणि म्हणाली, "पाखराने बाबा म्हणायचा प्रयत्न केला ना, तर ते 'काका' असं होईल."

हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं.

"जहाजावर होतो म्हणून काका?" ते म्हणाले. "आं? एवढी वर्षं पैसे कोण पाठवत होतं, काका?"

आता ह्यात एक आतली गोष्ट आहे. मुलगी लहान असताना हे एकदा जहाजावरून उतरून घरी आले, तर तिने दारातून आत धावत येऊन मला सांगितलं होतं, "आई, कोणते तरी काका आलेत." ते ह्यांना फार लागलं होतं. तेव्हा हसले होते, पण लागलं होतं. त्यामुळे पाखरांचा बाप काय म्हणवून घेणार, ह्यावर आमच्याकडे जेवणं थंड झाली. अखेर तह झाला. पाखरांच्या पिल्लांनी बापाला 'ताता' म्हणायचं. "हे ठीक आहे," हे म्हणाले, "ह्यात निदान घरचा माणूस वाटतो."

मग एक दिवस मुलीने सांगितलं की पाखरांचा आवाज गळ्यात तयार होत नाही, खाली छातीपाशी होतो, आणि तिथे दोन बाजू असल्यामुळे काही पाखरं एका वेळी दोन सूर काढू शकतात. हे तिला फार अद्भुत वाटत होतं. मला मुळीच वाटलं नाही. म्हटलं, "त्यात काय? आपल्याकडे कुणीही अवेळी आलं की मी तोंडाने 'या या, बसा' म्हणते आणि आतून 'आत्ताच बरं सुचलं' म्हणते. एकाच वेळी. कुणी माझ्यावर संशोधन केलं नाही."

ती हसली आणि तेही व्याकरणात घातलं. वरच्या सुरात शब्द, खालच्या सुरात मनातलं. म्हणजे ह्या पाखरांना खोटं बोलताच यायचं नाही. मी म्हटलं, अशा भाषेत लग्नं जमायची कशी? ती म्हणाली, ते खेळणाऱ्यांनी बघावं.

दिवस असे गेले. मी तिच्या क्रियापदांना लाल पेन लावत होते, ती माझ्यावर चिडत होती, हे मध्येच येऊन एखादा मासा सुचवत होते. इतकं बोलणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि तेही ओठ न लावता! पण एखादा नियम छान बसला, तिचा चेहरा उजळला, की मी उगाच उठून स्वयंपाकघरात जायची. भाषा जसजशी शहाणी होत होती, तसतसं बंगळूर जवळ येत होतं. एकदा तर मुद्दाम एक विभक्ती चुकवावी असं मनात आलं. पण शिकवलेलं आड येतं हो. हातून चूक होईना.

निरोपाच्या शब्दापाशी मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिने लिहिलं होतं: पाखरू घरट्यातून निघताना म्हणतं, 'तकार'. म्हणजे जाते.

"काय?" मी म्हटलं. "जाते?"

"हो. निघतेय ना ती. जातेय."

"जाते म्हणतात घरातून निघताना? पाखरं झाली म्हणून काय झालं, वळण नको? आयांनी काही शिकवलं नाही त्यांना?"

"आई, ही जंगलातली पाखरं आहेत."

"तू रानात वाढलीस का? शाळेत जाताना 'जाते' म्हणालीस की उंबऱ्यावरून परत बोलावून 'येते' म्हणायला लावलंय मी तुला. आणि माझ्या घरात तयार झालेली पाखरं 'जाते' म्हणणार? खपायचं नाही मला."

आमच्याकडे हा शब्द किती जड आहे ते तिला कसं सांगणार? हे बॅग उचलून 'येतो' म्हणायचे आणि पावसाळा येऊन जायचा, गणपती येऊन जायचे, हे यायचे नाहीत. तरीही 'येतो' म्हणायचे. 'जातो' म्हणाले असते तर ते महिने मी कसे काढले असते, माझं मला माहीत. त्या एका शब्दाला धरून मी घर चालवलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि 'तकार' खोडला. नियम केला: घरट्याच्या काठावर 'तकार' म्हणायचं नाही. तिथे म्हणायचं 'इरिया'. म्हणजे येते.

भाषा कंपनीला गेली. कंपनीने ती खेळात घातली आणि खेळ तपासणाऱ्या लोकांकडे पाठवली. ही माणसं कुठली कुठली, परदेशातलीही होती. ती खेळ खेळून चुका शोधतात, त्याचाच त्यांना पगार मिळतो. असली नोकरी मला आधी माहीत असती तर मी शाळेत राहिलेच नसते.

त्यांनी एक चूक शोधली. खेळात एक पक्षीण खेळणाऱ्याची मैत्रीण असते. ती कड्याच्या टोकावर येते, म्हणते 'इरिया', पडद्यावर खाली अर्थ उमटतो 'मी येते', आणि ती उडून निघून जाते. एकाने लिहिलं की ती येते म्हणाली म्हणून मी थांबलो, ती आलीच नाही. दुसऱ्याने लिहिलं की मी झाडाखाली उभा राहून कंटाळलो, खेळ अडकलाय, दुरुस्त करा. असे खूप जण उभे राहिले होते म्हणे.

मुलीने मला हे वाचून दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. "मेल्यांनो, मी इतकी वर्षं उभी राहिले, मी कुणाकडे तक्रार केली?"

पण तिला हसू आलं नाही. तिच्या साहेबीणबाईंनी फोन करायचा निरोप पाठवला होता. त्यांना म्हणे शंका आली होती की मूळ शब्दच चुकत असतील तर भाषेचा पायाच कच्चा आहे, आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं का. "शब्द बदलते," मुलगी म्हणाली. "तकार परत घालते, आणि बाकीचं सगळं तपासून देते असं सांगते. बघू ऐकतात का." तिचा आवाज बारीक झाला होता. एवढ्या दिवसांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती गच्चीवर. मी तिथे आमसुलं वाळत घालत होते. आधीच घालत होते, मुद्दाम गेले नव्हते. मुलगी कठड्याला टेकून बोलत होती, फोनचा आवाज मोठा लावून. बाई हिंदीत बोलत होत्या. आवाज गोड होता. पण त्या गोड आवाजात म्हणाल्या, "देखो, ये सीधी सीधी गलती है."

इथे मी गप्प राहायला हवं होतं. मी गप्प राहिले असते, आणि मुलीनेही माती खाल्ली असती, तर काम गेलं असतं, बंगळूर गेलं असतं, लेक घरात राहिली असती. माझ्या मनासारखं झालं असतं आणि दोष त्या बाईंच्या पदरात. पण माझ्या भाषेला कुणी चूक म्हटलं की मला दिसेनासं होतं. आमसुलांचे लाल हात न पुसता तशीच फोनपाशी गेले.

"गलती नहीं है," मी म्हटलं. माझं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त अंगावर परका सदरा. "हमारे यहां घर से निकलनेवाला आदमी 'जाता हूं' नहीं बोलता. 'येता हूं' बोलता है. जाता है, मगर येता बोलता है. क्योंकि पीछे जो रहता है ना, उसको अच्छा लगना चाहिए. उसको चूल देखना है, घर देखना है. 'जाता हूं' बोलके गया तो वो क्या करेगा?"

मुलीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, मीच घालवली पोरीची नोकरी.

मग बाई हळूच म्हणाल्या, "हमारे घर में भी. 'बर्तीनि' बोलते हैं. मेरी अम्मा 'होगतीनि' बोलने ही नहीं देती." आणि हसल्या. कानडी बाई होती हो! तिच्या घरीही जाणारा 'येतो' म्हणूनच निघत होता, आणि इतके दिवस हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांनी एकदम कामाचं विचारलं. येते म्हटल्यावर घरातलं माणूस काय म्हणतं?

"ये म्हणतं," मी म्हटलं. "मोठ्या माणसाला या. एवढंच."

"और नहीं बोला तो?"

ह्याचा विचार मी कधी केला नव्हता. उंबऱ्याशी अडलेली किती तरी माणसं आठवली. आतून कुणी ओ दिली नाही तर ती पुन्हा म्हणतात, जरा मोठ्याने, 'येते हं'. आणि थांबतात. "नहीं बोला तो जानेवाला जाता नहीं," मी म्हटलं. "खडा रहता है."

बाई म्हणाल्या, तेच खेळात घाला. पक्षिणीने 'इरिया' म्हणायचं आणि कड्याच्या टोकावर उभं राहायचं. खेळणाऱ्याने बटण दाबून 'इरी', म्हणजे ये, म्हटलं की मगच तिने उडायचं. म्हणजे कुणाला ती परत येईल म्हणून नुसतं झाडाखाली उभं राहावं लागणार नाही. ती गेली ते त्याला कळेल, कारण त्यानेच जाऊ दिलेलं असेल. मुलीने तिथल्या तिथे ते टिपून घेतलं. फोन ठेवला आणि माझ्या गळ्यात पडली. माझे आमसुलाचे हात तिच्या पाठीवर उमटले, आणि तो पांढरा कुडता कायमचा बाद झाला.

भाषा पास झाली. नोकरी पक्की झाली. मी सगळ्यांना पेढे वाटले आणि कुणी 'आता बंगळूर का?' असं विचारलं की 'हो ना!' एवढं मोठ्याने म्हणायची की पुढचं कुणी विचारायचं नाही.

गणपती झाल्यावर तिचं निघायचं ठरलं. मी लोणचं बांधलं, कुळथाचं पीठ बांधलं, आमसुलं बांधली, ती एकेक काढत गेली आणि मी पुन्हा कोंबत गेले. हे मात्र घरात नुसते इकडून तिकडे फिरत होते. बॅगेची चेन ओढून बघत, वजन करून बघत. शेवटी स्वयंपाकघरात येऊन मला विचारतात, "आता आपण काय करायचं असतं?"

मी बघतच राहिले. जन्मभर हा माणूस ह्या घरातून निघत आला. निघण्याचं सगळं त्यांना पाठ होतं. मागे राहणाऱ्याचं काम काय असतं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"दारात उभं राहायचं," मी म्हटलं. "आणि रडायचं नाही. ती गेल्यावर चहा करायचा."

"एवढंच?"

"एवढंच अहो. करून बघा म्हणजे कळेल."

रिक्षा आली. रिक्षावाला उतरून बॅग घेऊन गेला. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा. तिने देवाला नमस्कार केला, आम्हाला केला, पायात चपला घातल्या आणि उंबऱ्याबाहेर वळून उभी राहिली.

"आई, येते."

मी काही बोलले नाही. बोलायचं नव्हतं असं नाही, पण तोंडात शब्द होता आणि तो सोडवत नव्हता. ती उभी राहिली. हेही माझ्याकडे बघायला लागले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी म्हणत नाही तोवर ही इथे आहे. समोर आहे, दिसतेय, केसांना तेल लावायचं राहिलंय तेही दिसतंय.

"आई," ती म्हणाली, आणि ह्या वेळी तिचाच आवाज हलला, "येते ना गं. गाडी चुकेल."

चुकली असती तर चाललं असतं मला. खरंच चाललं असतं. पण ती जागची हलत नव्हती. माझीच मुलगी, मीच वळण लावलेली, उत्तराशिवाय पायरी उतरणार नव्हती.

"ये," मी म्हटलं.

आणि ती गेली.